ट्रकचं काम सुरू करताना आधी कोणती हत्यारं घ्यावीत आणि धोका नेमका कुठे असतो

प्रश्न थोडक्यात असा: मोटारींच्या कामावर चांगला हात बसलेला आहे, आता १६ टनांपासून वरचे मालवाहू ट्रक आणि डंपर कामाला घ्यायचे आहेत. पाने-गोट्यांचा (गोट्या म्हणजे सॉकेट) मोठा संच आधी घ्यावा की जॅक आणि कंप्रेसर, आणि जिवाला जपायचं तर काय काय पाळावं?

माझ्या मते खरेदीची यादी उलट्या टोकाने करावी. आधी गाडी धरून ठेवणारी हत्यारं, मग साठलेला दाब आणि ताण उतरवणारी, आणि सगळ्यात शेवटी खोलणारी. मोटारीचं इंजिन बंद केलं आणि बॅटरीची वायर काढली की गाडी बऱ्यापैकी निर्जीव होते. ट्रकचं तसं नाही. चावी काढल्यावरही हवेच्या टाक्यांत ८ बारच्या आसपास दाब असतो, मागच्या प्रत्येक ब्रेक चेंबरमध्ये टनाच्या आसपास जोर देणारी स्प्रिंग आवळलेली असते, टायरांत १०० ते १२० पीएसआय हवा असते आणि केबिन किंवा हौदा नुसत्या तेलाच्या दाबावर उभा असू शकतो. मोटारींवर काम केलेल्या माणसाची चूक बहुधा इथेच होते, कारण गाडी बंद म्हणजे धोका संपला ही सवय हाताला लागलेली असते.

पहिली खरेदी चाकाचे ठोकळे आणि घोड्या, म्हणजे जॅक स्टँड. ठोकळे रबराचे किंवा पत्र्याचे, ट्रकच्या टायरच्या मापाचे, निदान चार. दगड आणि विटा नकोत, वजन आलं की सरकतात किंवा फुटतात. जे चाक जमिनीवर राहणार आहे त्याच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे ठोकळा हवा. बहुतेक ट्रकांत पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो, म्हणजे मागचा अॅक्सल उचलला की पुढची चाकं मोकळी आणि गाडीला धरणारं काहीच उरत नाही. मागच्या चाकांचा स्प्रिंगवर चालणारा पार्किंग ब्रेक मोकळा करतानाही हेच होतं, म्हणून ठोकळे आधी आणि पाना नंतर.

जॅकचं काम उचलण्यापुरतं. तेलाच्या जॅकमध्ये सगळं वजन एका रबरी सीलवर आणि एका छोट्या रिलीज व्हॉल्व्हवर असतं. व्हॉल्व्हखाली कचऱ्याचा कण अडकला तर जॅक हळूहळू बसतो, सील फुटलं तर एकदम बसतो. भरलेल्या ट्रकच्या पुढच्या अॅक्सलवर ६ ते ७ टन आणि मागच्या एका अॅक्सलवर १० टनांच्या पुढे वजन येतं. तेव्हा २० टनी बॉटल जॅक दोन घ्या, त्यांतला एक बुटका असू द्या, कारण टायर बसलेला असला की अॅक्सल इतका खाली येतो की उंच जॅक आत जातच नाही. घोड्या १० टनांच्या पुढच्या, जोडीने. लेबलवर लिहिलेली क्षमता एका घोडीची आहे की जोडीची, ते नीट वाचा. आणि शक्य असेल तेव्हा माल आधी उतरवून घ्या. भरल्या गाडीखाली काम करायचा मोह वेळ वाचवण्यासाठी होतो, पण प्रत्येक पायरीला तीच गाडी जास्त वेळ खाते.

जॅक अॅक्सलखाली, पाट्यांच्या बैठकीजवळ लावा. डिफरन्शियलच्या गोल पोटाखाली लावला तर गाडी किंचित हलली तरी निसटतो. जमीन मऊ असेल तर खाली १२ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट किंवा कठीण लाकडाची जाड फळी घाला. काँक्रीटचा ठोकळा कधीच नको, तो वाकत नाही, काही न कळवता फुटतो. डांबरी जमीन उन्हात मऊ होते आणि घोडीचा पाय तासाभरात रुतू शकतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गाडी घोड्यांवर उतरवल्यावर आत शिरण्याआधी बाजूने जोरात ढकलून पाहा. काढलेलं चाक चासीच्या खाली आडवं सरकवून ठेवा, जागाही वाचते आणि काही निसटलंच तर तेवढी पोकळी शिल्लक राहते.

एअर सस्पेन्शनच्या गाडीचा हिशेब वेगळा. हवेच्या पिशवीवर उभ्या असलेल्या चासीखाली, म्हणजे चासी आणि अॅक्सल यांच्या मधल्या जागेत, हात किंवा डोकं घालण्याआधी चासीलाच घोडी लावा आणि पिशव्यांतली हवा सोडा. पिशवी फुटली तर चासी क्षणात खाली येते. उलटही होतं. लेव्हलिंग व्हॉल्व्हची (गाडीची उंची राखणाऱ्या व्हॉल्व्हची) कांडी सुटली किंवा कुणी हलवली तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी बसली आहे, तो हवा भरत जातो आणि चासी आपोआप उचलू लागते.

आता स्प्रिंग ब्रेक चेंबर, ज्याला गॅरेजात नुसतं ‘चेंबर’ किंवा ‘बूस्टर’ म्हणतात. मागच्या चाकांवर दोन भांडी एकामागे एक जोडलेली दिसतात. चाकाच्या बाजूचं भांडं पायाच्या ब्रेकचं, मागचं पार्किंगचं. त्या मागच्या भांड्यात जी स्प्रिंग असते तिला हवेचा दाब मागे धरून ठेवतो, हवा गेली की ती सुटते आणि ब्रेक लावते. याचा अर्थ, हवा शून्यावर असतानाही मागच्या भांड्याचा पट्टा खोलला तर झाकण बंदुकीच्या गोळीसारखं बाहेर येतं. तो पट्टा कुठल्याही परिस्थितीत खोलायचा नाही. बऱ्याच चेंबरवर तो दाबूनच बसवलेला असतो, खोलता येऊ नये म्हणून.

चेंबर काढायचं असेल तर आधी स्प्रिंग कोंडून घ्यावी लागते. चाकांना ठोकळे लावा. इंजिन चालू करून हवा पूर्ण भरा आणि पार्किंग ब्रेक सोडा, म्हणजे हवाच स्प्रिंग दाबून धरेल आणि बोल्टवर ताण येणार नाही. चेंबरच्या पाठीवरची रबरी टोपी काढा. बाजूच्या खाचेत ठेवलेला लांब केजिंग बोल्ट (स्प्रिंग कोंडून धरणारा) काढून त्या भोकात घाला, आतल्या प्लेटला लागेपर्यंत ढकला आणि पाव वळसा फिरवून अडकवा. थोडा ओढून पाहा, आला नाही तर तो बसला आहे. मग वॉशर-नट लावून साध्या हातपान्याने आवळा. हवा भरताच येत नसेल तर स्प्रिंग बोल्टनेच मागे ओढावी लागते, तेव्हाही हातपानाच. इम्पॅक्ट गनने आतली प्लेट किंवा बोल्टचं टोक तुटतं. साधारण ५० न्यूटन-मीटरच्या पुढे जोर लागत असेल तर थांबा, आत काहीतरी बिघडलं आहे. पूर्ण कोंडलेल्या स्प्रिंगवर बोल्ट चांगलाच बाहेर आलेला दिसतो. तो जेमतेम बाहेर आला असेल तर एकतर टोक नीट अडकलेलं नाही किंवा स्प्रिंग तुटली आहे. अशा चेंबरला समोर उभं राहून हात लावू नका, अख्खं बदला. भंगारात टाकतानाही बोल्ट तसाच ठेवा. गॅस कटर लावून चेंबर कापणाऱ्या भंगारवाल्याला आत काय आहे ते ठाऊक नसतं.

चेंबर बसवल्यावर पुशरॉडची (चेंबरमधून बाहेर येऊन ब्रेक लावणाऱ्या दांड्याची) चाल मोजा. ९० ते १०० पीएसआय दाबाला ब्रेक दाबून धरायला एक माणूस बसवा, सुटलेल्या आणि लागलेल्या स्थितीतलं अंतर घ्या. साध्या ‘३० नंबर’ चेंबरला मर्यादा २ इंच, म्हणजे ५१ मिलिमीटर. ऑटो स्लॅक अॅडजस्टर (ब्रेकची ढिलाई आपोआप काढणारा भाग) असूनही चाल जास्त निघत असेल तर अॅडजस्टर पान्याने फिरवून मोकळं होऊ नका. एस कॅमचे बुश, क्लेव्हिसची पिन, झिजलेला लायनर किंवा अॅडजस्टरच खराब, यांपैकी कारण शोधा. हाताने फिरवलेला ऑटो अॅडजस्टर काही दिवसांत पुन्हा तिथेच येतो, आणि चालकाला मात्र ब्रेक ‘ठीक’ झाल्याचा भास होतो.

टायरच्या कामात सगळ्यात जास्त शिस्त लागते. चाकाचे नट ढिले करण्याआधी व्हॉल्व्हचा पिन काढून हवा पूर्ण सोडा. जोडचाकं असतील तर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही टायरांची. डिस्कला किंवा रिंगला तडा असेल तर तिला नटच धरून ठेवत असतात, नट सुटले की हवा ती फोडते. पिन काढल्यावर व्हॉल्व्हमध्ये बारीक तार घालून खात्री करा, कारण चिखल किंवा बर्फ अडकून हवा आत राहते आणि गेज शून्य दाखवतं. लॉक रिंगच्या (टायर धरून ठेवणाऱ्या सुट्या कड्याच्या) तुकडेवाल्या रिमला तर जास्तच जपावं लागतं. रिंग एका मापाची आणि रिम दुसऱ्या मापाची जोडणं, वाकलेली रिंग ठोकून बसवणं, हवा भरलेली असताना रिंगवर घण मारणं, या तिन्हीत रिंग उडते आणि ती माणसाच्या छातीच्या उंचीला येते.

हवा भरायला लोखंडी पिंजरा, व्हॉल्व्हला अडकून राहणारा चक आणि त्याच्यापासून निदान ३ मीटर लांब पाइपावर बसवलेलं गेज-व्हॉल्व्ह, एवढं हवंच. व्हॉल्व्हवर हात धरून कुणी बसायचं नाही, टायरच्या समोर तर मुळीच नाही. पिंजरा जमिनीला किंवा भिंतीला घट्ट करू नका, टेकून ठेवू नका, स्फोटाचा जोर त्याला मोकळा सोसू द्या. आधी २० पीएसआयपर्यंत भरून थांबा, बाजूच्या भिंती पाहा, फुगवटा किंवा वाकडेपणा आहे का बघा, कान देऊन टक-टक आवाज येतो का ऐका. जो रेडियल टायर नेमलेल्या दाबाच्या ८० टक्क्यांहून कमी हवेवर चालला आहे, तो बसलेल्या अवस्थेत चाललेला धरा. त्याच्या भिंतीतल्या पोलादी तारा वाकून-वाकून थकलेल्या असतात आणि पुन्हा हवा भरताना एका रेषेत उसवत जातात. असा टायर रिमवरून उतरवून आतून तपासल्याशिवाय गाडीवरच हवा मारू नका.

टायर चढलेल्या रिमवर वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत नको, हवा सोडलेली असली तरीही. आत रबर भाजून ज्वालाग्राही वायू तयार होतात आणि दाब इतका वाढतो की टायर फुटतो, कधी ज्योत बंद केल्यानंतर बऱ्याच वेळाने. गंजलेला नट गॅसने तापवण्याची सवय इथेच अंगाशी येते.

नट आवळण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण चाक निघून जाण्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. १ इंची इम्पॅक्ट गन सोडायला उत्तम, आवळायला वाईट. तिचा जोर सहज २००० न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. एम२२, १.५ पिचच्या १० स्टडच्या चाकाला साधारण ६०० ते ७०० लागतो, नेमका आकडा गाडीच्या कंपनीचाच घ्यावा. जास्त ताणलेला स्टड लांबतो, पुन्हा परतत नाही, त्याची पकड जाते आणि शेजारचे दोन त्याचा भार उचलता उचलता तुटतात. पद्धत अशी: नट हाताने निदान चार-पाच वळसे चढवा, गनने हलके टेकवा, समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) पूर्ण करा. ६५० न्यूटन-मीटरला १.२ मीटरच्या दांड्यावर साधारण ५५ किलोचा जोर लागतो, म्हणजे एकट्या माणसाला नुसत्या हाताच्या ताकदीवर जड जातं आणि तो अंगाचं वजन टाकतो. अशा वेळी पाइप चढवण्यापेक्षा टॉर्क मल्टिप्लायर घ्या. गाडी ८० ते १६० किलोमीटर चालल्यावर टॉर्क पुन्हा तपासायचा. डिस्क आणि हब यांच्या मधली पृष्ठं स्वच्छ आणि कोरडी हवीत, नवीन रंगाचा जाड थरही नको, कारण तो दबतो आणि नट ढिले होतात. वॉशर जोडलेल्या सपाट नटाच्या आट्यांना आणि वॉशरच्या सांध्याला तेलाचे एक-दोन थेंब चालतात, निमुळत्या बैठकीच्या नटाला नाही. निमुळत्या आणि सपाट नटांची अदलाबदल कधीच करू नका, नट बसल्यासारखा वाटतो आणि पकडत काहीच नाही.

गनवर काळ्या इम्पॅक्ट गोट्याच लावा. चकचकीत क्रोमच्या गोट्या कडक आणि ठिसूळ असतात, धक्क्याने फुटतात आणि तुकडा डोळ्यात जातो.

केबिन उलथवताना पुढे जागा आहे का, आत सुटं सामान पडलं आहे का, दारं नीट बंद आहेत का, हे पाहा. मध्यबिंदू ओलांडला की केबिन स्वतःच्या वजनाने पुढे जाते. पूर्ण उलथवा आणि टेकण लॉक करा. अर्धवट थांबवलेल्या केबिनखाली पंपाच्या भरवशावर डोकं घालणं म्हणजे पुन्हा तेच, एका सीलवर जीव टांगणं. हौद्याचं प्रकरण त्याहून वाईट. डंपरचा हौदा रिकामा करा, उचला, मूळचा टेकू लावा आणि मगच खाली जा. पाइपाचा सांधा किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह खोलायचा असेल तर आधी हौदा टेकूवर अलगद बसवून तेलाचा दाब शून्य करून घ्या. सांधा सैल केल्यावर तेल पिचकारीसारखं येतं आणि त्याबरोबरच हौदा खाली यायला लागतो. माती भरलेला हौदा उचलून खाली काम करण्याला कुठलाच सुरक्षित मार्ग नाही.

पाट्यांचा सेंटर बोल्ट सोडण्याआधी अख्ख्या पॅकला दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प लावा, नाहीतर पाटे उसळून सुटतात. यू बोल्ट प्रत्येक वेळी नवे, जुने ताणलेले असतात. बसवल्यावर वजन टाकून पुन्हा आवळा.

गिअरबॉक्स २५० ते ३५० किलोचा असतो, त्याला साधा जॅक पुरत नाही. गिअरबॉक्स जॅक घ्या आणि साखळीने बांधा, कारण क्लचमधून इनपुट शाफ्ट बाहेर आला की त्याचा तोल मागे जातो. प्रोपेलर शाफ्ट खोलताना आधी पट्ट्याने लटकवा, मग बोल्ट काढा. इंजिन उचलताना साखळ्यांच्या कोनाकडे लक्ष द्या: दोन पायांची साखळी जमिनीशी ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर वजनाच्या ०.५८ पट ताण, ४५ अंशाला ०.७१, आणि ३० अंशाला प्रत्येक पायावर अख्ख्या वजनाएवढा. म्हणून साखळी आखूड ठेवून पसरट करण्यापेक्षा मध्ये बीम वापरा.

विजेचं काम: दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या मालिकेत जोडून २४ व्होल्ट होतात. तारा काढताना आधी ऋण तार, हातातलं कडं-अंगठी काढलेली. युरिया वापरणाऱ्या गाड्यांत इंजिन बंद केल्यावर डोसिंग पंप नळ्या रिकाम्या करत असतो, तो थांबेपर्यंत काही मिनिटं मेन स्विच बंद करू नका, नाहीतर नळ्यांत युरिया गोठून बसतो. चासीवर वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा आणि ईसीयूचे (इंजिनाच्या कॉम्प्युटरचे) प्लग काढा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावा. डिझेल टाकीला, रिकामी असली तरी, ज्योत नाही.

कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १६०० बारच्या पुढे जातो. इंजिन चालू असताना पाइप ढिला करून हवा काढायची जुनी सवय इथे सोडा. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक धार कातडीतून आत शिरली तर दिसायला टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, दुखतही फारसं नाही, पण आत डिझेल पसरत असतं. त्याला घरी पट्टी बांधून चालत नाही, लगेच शस्त्रक्रिया होईल अशा ठिकाणी न्यावं लागतं आणि ‘डिझेलची उच्च दाबाची धार लागली’ हे स्पष्ट सांगावं लागतं.

बाकी गोष्टी पटकन. ब्रेकची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पिटमध्ये इंजिन चालवू नका, धूर आणि इंधनाची वाफ खालीच साठते. भाग धुवायला पेट्रोल नको. तेलकट वेस्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात, आग विझवणारं ड्राय पावडरचं सिलेंडर हाताशी. फिरत्या शाफ्टजवळ हातमोजे नकोत, बाकी ठिकाणी हवेत. पोलादी टोकाचे बूट, चष्मा, गन चालताना कानाला संरक्षण. गाडीखाली माणूस असेल तर चावी त्याच्याच खिशात, आणि स्टिअरिंगवर पाटी.

तर पहिल्या टप्प्यात ठोकळे, घोड्या, दोन जॅक, टायरचा पिंजरा आणि लांब पाइपाचं गेज, ८०० न्यूटन-मीटरपर्यंतचा टॉर्क रेंच, हवेचा चांगला कंप्रेसर आणि १ इंची गन. त्यानंतर ४६ मिलिमीटरपर्यंतच्या गोट्या आणि रिंग पाने, पितळी ड्रिफ्ट, डायल गेज, चाक हलवायची ट्रॉली (टायरसकट एक चाक १०० किलोच्या आसपास भरतं, कमरेने उचलायचं नाही). गिअरबॉक्स जॅक आणि चेन ब्लॉक क्लचचं काम नियमित येऊ लागलं की घ्या. स्कॅनर सगळ्यात शेवटी, आणि तोही दोन-तीन महिने तुमच्याकडे कोणत्या कंपनीच्या गाड्या जास्त येतात ते पाहून, कारण एका कंपनीचं सगळं वाचणारा स्कॅनर दुसरीच्या गाडीवर नुसते फॉल्ट कोड दाखवून गप्प बसतो.